मेशचे डबे तारेने जोडावेत का? (तीन मजली रो-हाउस, नाशिक)

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं रो-हाउस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, त्याच्यावर गच्चीला लागून एक खोली. वरची खोली म्हणजे माझं ऑफिस. फायबर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आलंय, ३०० एमबीपीएसचा प्लॅन. मेश वायफायचे (आपसात बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे) तीन डबे घेतले, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गीगाहर्ट्झवाले, दर मजल्यावर एक. हॉलमध्ये फोनवर पावणेतीनशेच्या आसपास स्पीड मिळतो, पहिल्या मजल्यावर शंभर-सव्वाशे आणि माझ्या खोलीत तीस-पस्तीस. तेवढाही पुरला असता, पण व्हिडिओ कॉलवर माझा आवाज तुटतो आणि चेहरा मध्येच थिजतो. मेशच्या अ‍ॅपमध्ये मात्र सगळीकडे हिरवं, 'सिग्नल उत्तम'.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो की डबे एकमेकांना लॅन केबलने जोड. त्याने खरंच फरक पडतो का? केबल कोणती घ्यायची? आणि खालून मधल्या डब्याला, मधल्यातून वरच्याला अशी एकातून एक जोडली तर चालते का, की प्रत्येकाला खालून वेगळी ओढावी लागते?

मोठी अडचण अशी की बाबांनी दिवाळीत सगळ्या घराला रंग काढलाय. ड्रिल हा शब्द घरात काढायची सोय नाही.

पेठकर :

राउटर ईशान्येला ठेवून पाहिलात का?

तारायंत्र :

पेठकर सुरू झाले, म्हणजे धागा शंभरी गाठणार.

गोदाकाठ, फरक पडतो, आणि तुमच्यासारख्या घरात सर्वांत जास्त पडतो. ड्युअल बँड मेशमध्ये डब्याकडे ५ गीगाहर्ट्झचा एकच रेडिओ असतो. तुमच्या लॅपटॉपशी बोलायचं तेही त्याच्यावर आणि खालच्या डब्याशी बोलायचं तेही त्याच्यावर, त्याच चॅनेलवर. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तुमचे दोन टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात मध्ये सळया भरलेला आरसीसी स्लॅब आहे. वीटभिंतीतून ५ गीगाहर्ट्झ कसाबसा जातो, स्लॅबमध्ये बराचसा मरतो. २८० चे १२० आणि १२० चे ३५ हा हिशोब अगदी बरोबर लागतोय. डबे बिघडलेले नाहीत.

'सिग्नल उत्तम' हे तुमचा फोन आणि जवळचा डबा यांच्यापुरतं खरं आहे. त्या डब्याच्या मागे काय चाललंय ते त्या हिरव्या रंगात दिसत नाही. आवाज तुटण्याचं कारणही वेग हे नाही. कॉलला पाच एमबीपीएससुद्धा पुष्कळ झाले. हवेतल्या दोन टप्प्यांमध्ये पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कधी ५ मिलिसेकंदांत पोचतं, कधी ८० मध्ये, कधी पुन्हा पाठवावं लागतं. तारेवर हाच प्रवास एका मिलिसेकंदाच्या आत होतो आणि दर वेळी तेवढाच होतो.

एकातून एक जोडलेली चालते. हॉलमधला मुख्य डबा, त्याच्या लॅन पोर्टातून मधला, मधल्याच्या दुसऱ्या पोर्टातून वरचा. १०० मीटरपर्यंत केबलला काही होत नाही, तुम्हाला सगळी मिळून तीसेक मीटर लागेल. बहुतेक कंपन्यांच्या सेटमध्ये केबल लावली की डबे आपोआप तारेवर येतात.

मृणाल_ठाणे :

तारायंत्र यांना +१. फक्त केबल घ्यायच्या आधी डब्याच्या पाठीमागे बघा. गूगलच्या २०१९च्या नेस्ट वायफायमधला जो 'पॉइंट' होता त्याला लॅन पोर्टच नव्हता, म्हणजे तार लावायची कुठे? टीपी-लिंक डेको ई४ ला पोर्ट दोन आहेत, पण ते १०० एमबीपीएसचे. तिथे तार लावली तर लाइन स्थिर होईल, पण ९४-९५ च्या वर जाणार नाही. डेको एम४ चे पोर्ट गीगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे. दिसायला सगळे डबे सारखेच पांढरे, त्यामुळे खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत.

गोदाकाठ :

पाहिलं. प्रत्येक डब्याला दोन पोर्ट आहेत आणि गीगाबिट लिहिलंय. हुश्श.

अडगळीची_खोली :

मी जरा उलट बोलतो. तीन मजल्यांना तीन डबे हवेतच कशाला? दुकानदार तीनचा पॅक गळ्यात मारतो म्हणून? आणि इतका खटाटोप करण्यापेक्षा ट्राय-बँड सेट घ्या, त्यात डब्यांना आपसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. माझ्याकडे आहे, बरा चालतो. भिंत फोडायची नाही, बाबा खूश.

तारायंत्र :

अडगळ, तुमचं घर एका पातळीवरचा फ्लॅट आहे ना? वेगळ्या रेडिओने निम्म्याचं गणित सुटतं हे मान्य. पण तोही रेडिओ बहुधा ५ गीगाहर्ट्झचाच, त्यालाही तोच स्लॅब पार करायचाय. महाग डब्याला स्लॅब काही पातळ होऊन मिळत नाही. त्या पैशात केबल, पाइप, माणसाची मजुरी सगळं होऊन वर पैसे उरतील.

तीन डबे कशाला, हा प्रश्न मात्र बरोबर आहे. वरचा डबा तारेवर आला की मधला काढून बघण्यासारखा आहे.

अडगळीची_खोली :

हो, फ्लॅटच आहे. पण महाग डब्याच्या बाजूने अजून एक मुद्दा. तार एकदा टाकली की डब्याची जागा ठरून जाते. उद्या टेबल हलवलं तर?

पेठकर :

तर टेबल परत आणायचं. डबा टेबलासाठी आहे की टेबल डब्यासाठी?

गृहिणी_कम_कोडर :

आमच्याकडे सांगलीला दोन मजली घर. सासऱ्यांचा भिंतीवरचा जीव गोदाकाठ यांच्या बाबांपेक्षा काकणभर जास्तच असेल. मी घरातून तार नेलीच नाही. हॉलच्या एसीचा पाइप बाहेर पडायला भोक होतंच, त्यातून केबल बाहेर काढली, बाहेरच्या भिंतीला पीव्हीसी पाइप लावून वर नेली आणि वरच्या बेडरूमच्या एसीच्या भोकातून आत घेतली. आत एक टिकलीएवढंही नवीन भोक नाही. बाहेरचा पाइप सांडपाण्याच्या पाइपाला लागून आहे, त्यामुळे वेगळा कळतही नाही. सासरे अजून विचारतात, तार गेली कुठून.

केबल बाहेरून न्यायची असेल तर बाहेरची म्हणून मिळते ती काळ्या आवरणाची घ्या. घरातल्या केबलचं आवरण उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतं. आणि भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, केबलच्या अंगाने घरात येत नाही.

गोदाकाठ :

हे भारी आहे! आमच्याकडे हॉलमध्ये एसी नाही, पण डिशची केबल गच्चीवरून डक्टमधून हॉलमध्ये आली आहे. डिश केव्हाच बंद, सगळं ओटीटीवर. त्याच वाटेने येईल का?

तारायंत्र :

येईल. नुसती येईल असं नाही, जुनी केबलच नवीला ओढून आणेल. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची, टेप घट्ट आणि निमुळता गुंडाळायचा, गाठ जाड होऊ द्यायची नाही. एकाने वरून सोडायचं, दुसऱ्याने खालून हळूहळू ओढायचं. झटका द्यायचा नाही. लॅन केबलमधल्या जोड्यांना पीळ असतो, त्या पिळामुळेच ती आसपासच्या वायरींचा विजेचा अडथळा टाळते. जोरात ओढून पीळ सुटला की काम बिघडलं. कोपऱ्यात काटकोनात मुडपू नका, गोलाई द्या.

त्याच खेपेला एक नायलॉनची दोरीसुद्धा सोबत ओढून ठेवा. पुढे काही न्यायचं झालं तर उपयोगी पडते.

जर्सीकर :

डिशच्या केबलवरून आठवलं. इकडे अमेरिकेत घरोघरी केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स खोलीखोलीत फिरवलेली असते. लॅन केबल ओढण्याऐवजी आम्ही दोन्ही टोकांना मोका अ‍ॅडॉप्टर लावतो, तीच कोअ‍ॅक्स लॅनसारखी वापरता येते. मोका २.५ मध्ये अडीच गीगाबिटपर्यंत जातं. माझं घर लाकडी असूनही तळघरातून वरच्या मजल्यावर वायफाय धड पोचत नव्हतं, मोकाने काम झालं. घरात केबल जिथून शिरते तिथे एक फिल्टर बसवावा लागतो, नाहीतर तुमचा सिग्नल शेजाऱ्याच्या घरापर्यंत जायचा. गोदाकाठ यांनी आहे तीच केबल वापरली तर?

तारायंत्र :

जर्सीकर, भारतात ते अ‍ॅडॉप्टर सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवले तर किंमत केबलच्या कित्येक पट. शिवाय डिश चालू असलेल्या घरात ते चालणार नाही. डिशचा सिग्नल कोअ‍ॅक्समधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरतो आणि मोका ११२५ ते १६७५ च्या दरम्यान बोलतं. दोघं एकमेकांच्या अंगावर येतात. यांची डिश बंद आहे म्हणून जमलं असतं, पण वाट मोकळी असताना सरळ लॅन केबलच घालावी.

झटपट_झकास :

पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरबद्दल कोणीच बोललं नाही? प्लगमध्ये लावा, विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट. ड्रिल नाही, केबल नाही. हाकानाका.

बाबूराव_इन्व्हर्टर :

हाक आहे हो. आमच्या घरी थ्री-फेज मीटर. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्या. अ‍ॅडॉप्टर एकमेकांना ओळखच दाखवीनात. एका फेजवर आणून लावले तर मिक्सर सुरू झाला की लाइन पडायची. इन्व्हर्टरची लाइन वेगळी, तिथे आणखी वेगळा तमाशा. स्पाइकगार्डमध्ये तर लावूच नये, तो सिग्नल गाळून टाकतो. सिंगल फेजच्या नव्या वायरिंगमध्ये चालतात म्हणे. मी माझे मेव्हण्याला दिले. संबंध अजून टिकून आहेत.

स्वरूपा२१ :

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पेठकर :

स्वरूपाताई, काढलात तो प्रतिसाद मी वाचला होता. मेव्हण्यांबद्दल इतकं खरं बोलू नये.

गोदाकाठ :

:) बरं, केबल कोणती ते राहिलंच. ऑनलाइन कॅट ७, कॅट ८ दिसतायत, चपट्या, वेणी घातलेल्या, सोनेरी टोकांच्या. कॅट ६ पेक्षा पुढचं घेतलं तर भविष्याची सोय?

तारायंत्र :

अजिबात नको. कॅट ५ई वरही १ गीगाबिट पूर्ण १०० मीटर जातं. कॅट ६ वर १० गीगाबिटसुद्धा ५० मीटरच्या आसपास जातं. तुमचा प्लॅन ३०० चा. कॅट ६ घ्या, विषय संपला. कॅट ७ ला अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेची मान्यताच नाही, आणि नेहमीच्या आरजे-४५ टोकाने 'कॅट ७' म्हणून जे विकतात ते बहुतेक नावापुरतं. पन्नी लावलेली शील्डेड केबलही नको. तिचं शील्ड नीट अर्थिंगला जोडलं नाही तर फायद्याऐवजी त्रासच.

खरी मेख आकड्यात नाही, धातूत आहे. बाजारात सीसीए नावाची केबल खूप विकली जाते. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, हातात घेतली तरी हलकी लागते. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. अ‍ॅल्युमिनियमची तार वाकवताना तुटते, टोकं काही वर्षांत सैल होतात, आणि तिच्यावरून वीज पाठवली तर तापते. दुकानात 'कॅट ६ द्या' एवढंच म्हणू नका, 'प्युअर कॉपर, सॉलिड' म्हणा. ३०५ मीटरचं अख्खं खोकं घ्यायची गरज नाही, मीटरवर सुटी मिळते.

मृणाल_ठाणे :

मुंबईकरांसाठी : लॅमिंग्टन रोड. पुण्यात तपकीर गल्ली. दोन्हीकडे सुटी मिळते आणि टोकंही लावून देतात. पण भिंतीतून न्यायची असेल तर टोकं आधी लावून घेऊ नका, टोकासकट केबल पाइपातून जात नाही.

पेठकर :

तपकीर गल्लीत दुपारी जाऊ नये.

कोकणकडा :

गोदाकाठ यांच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण तारेचाच विषय आहे म्हणून लिहितो. आमचं घर गुहागर तालुक्यात. घरापासून चाळीसेक मीटरवर, आगराच्या पलीकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात. इंटरनेट घरात, पाहुण्यांना खोलीत हवं. मी घरातल्या मेशच्या डब्यापासून खोलीतल्या डब्यापर्यंत लॅन केबल टाकली, माडांच्या बुंध्यांना बांधत. उत्तम चाललं. मग मृगाच्या आधीचा तो गडगडाट असतो ना, त्यात एका रात्री दोन्ही डबे, टीव्ही आणि फायबरचा डबा असं सगळं एकदम गेलं. वीज घरावर पडली नव्हती, कुठेतरी जवळपास पडली असावी.

तारायंत्र :

दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल कधीच टाकू नये. वीज प्रत्यक्ष पडावी लागत नाही. आसपास पडली तरी लांब केबलमध्ये दाब तयार होतो, आणि दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर केबल म्हणजे त्या दोघांना जोडणारा पूल. तिथे फायबर टाका. तुमच्या फायबरवाल्याकडे असते तीच सिंगल मोडची ड्रॉप केबल, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारा छोटा डबा. कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने घ्यायचे. एकच तंतू असतो, एकजण १३१० नॅनोमीटरवर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन्ही ए घेतलेत तर काही चालणार नाही. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून एका घरचं संकट दुसऱ्या घरी जात नाही.

फक्त बारीक नजर एवढीच, की ड्रॉप केबलला लटकवण्यासाठी बाजूने एक स्टीलची तार असते. ती घरात आणायची नाही, बाहेरच कापायची.

कोकणकडा :

नेमकं तेच केलं पुढे. आमच्या केबलवाल्या पोराने टोकं जोडून दिली. त्यानंतरचे पावसाळे निभावले. आता त्रास फक्त माकडांचा, त्यांना फायबर-तांबं काही फरक पडत नाही. झोपाळ्यासारखी लटकतात.

गृहिणी_कम_कोडर :

आमच्याकडे घूस. बाहेरच्या बाजूला जमिनीपासून फूटभर भाग जीआय पाइपात घेतला तेव्हा थांबली.

बाबूराव_इन्व्हर्टर :

माझ्या जिव्हाळ्याचा विषय अजून कोणी काढला नाही. लाइट गेली की काय? हॉलचा डबा इन्व्हर्टरवर, मधला नाही. मग वरचा डबा चालू असूनही आंधळा, कारण मधला मेला. मेश म्हणजे तीन ठिकाणी बॅकअप हवा, हे विकताना कोणी सांगत नाही. तार टाकताय तर याचाही विचार करून टाका.

तारायंत्र :

बाबूराव, याचं उत्तर तारेतच आहे. वायरलेस असो की एकातून एक जोडलेली केबल असो, मधला मेला की वरचा मेला. म्हणून शक्य असेल तिथे सगळ्या केबल खाली एका छोट्या नेटवर्क स्विचवर (अनेक लॅन पोर्ट असलेला डबा, दिव्याचं बटण नव्हे) आणाव्यात. मुख्य डबा, त्याला स्विच, स्विचपासून प्रत्येक डब्याला स्वतंत्र केबल. आणि डबे पीओई घेणारे असतील तर स्विचही पीओईचा घ्यावा. त्याच केबलमधून डब्याला वीजही जाते. साध्या प्रकारात पोर्टामागे १५.४ वॉटपर्यंत, त्यापुढच्यात ३० पर्यंत. खाली एकाच यूपीएसवर सगळं घर चालतं. पण घरगुती मेशचे बरेच डबे पीओई घेत नाहीत, ते आधी बघावं. जे घेत नाहीत त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट बघून तेवढ्याचा छोटा डीसी यूपीएस मिळतो.

झटपट_झकास :

मी सेटिंग न बघता जोडलं होतं, तरी चालतंय. कंपनीच्या फायबर डब्याला चार पोर्ट, त्यातून तीन केबल तीन मेश डब्यांना. सोपं.

तारायंत्र :

चालतंय कारण तुमचे डबे बहुधा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये असतील, म्हणजे ते नुसतं वायफाय पसरवतात आणि राउटरचं काम फायबरचा डबा करतो. राउटर मोडमध्ये असते तर बाकीचे डबे मुख्य डब्याच्या खाली न येता त्याच्या वर जोडले गेले असते, आणि बऱ्याच सेटमध्ये ते तारेवर न येता गुपचूप वायरलेसवरच राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी फायबरचा डबा, मग मेशचा मुख्य डबा, मग बाकीचे. आणि फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जुन्या ओळखीने त्यालाच चिकटून बसतात.

अजून एक. एकाच डब्याला स्विचपासून दोन केबल लावू नका, 'दुप्पट स्पीड' मिळत नाही. वर्तुळ होतं आणि तेच तेच पॅकेट फिरत राहून अख्खं नेटवर्क गुदमरतं. साध्या स्विचला ते ओळखता येत नाही.

अडगळीची_खोली :

हे सगळं वाचून वाटतंय, आमच्या पिढीने एक जाड पुस्तक भिंतीआड ठेवून संसार केला तो बरा होता. असो. गोदाकाठ गायब?

गोदाकाठ :

नाही नाही, इथेच आहे. रविवारी काम झालं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, डिशची केबल ओढून त्या वाटेने कॅट ६ थेट हॉलमधून वरच्या खोलीत आली. ब्लेडने खरवडून घेतली, आतून तांबंच निघालं, दुकानदार हसत होता. बाबा गच्चीवर उभे राहून केबल सोडत होते, एकंदर त्यांना मजा आली. भिंतीला काही केलं नाही.

आता वरच्या खोलीत स्पीड ९४. कॉल एकदम स्वच्छ. पण कितीही वेळा टेस्ट केली तरी ९४ च, ना ९० ना १००. खाली पावणेतीनशे येतोय. केबल कमी पडतेय का?

मृणाल_ठाणे :

९४! ओळखीचा आकडा.

तारायंत्र :

केबल कमी पडत नाही, एखादी तार तुटक लागली आहे. गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. उरलेल्या दोनपैकी एक जोडी जरी नीट बसली नसेल तरी दोन्हीकडचे डबे आपसात समजुतीने १०० वर येतात, आणि त्यातून हातात ९४-९५ पडतात. खाली पावणेतीनशे येतोय म्हणजे फायबरच्या डब्यापासून मुख्य डब्यापर्यंत सगळं ठीक आहे. नाहीतर तिथेही शंका घेतली असती, कारण कंपनीच्या कित्येक डब्यांत एकच पोर्ट गीगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे.

तेव्हा दोष या केबलच्या दोन टोकांपैकी एकात. इलेक्ट्रिशियन विजेच्या कामात पक्के असतात, पण आरजे-४५ दाबताना बरेचदा आठवी तार टोकापर्यंत पोचलेली नसते. पारदर्शक टोक उजेडात धरून बघा, आठही तारा समोरच्या भिंतीला टेकलेल्या दिसायला हव्यात. रंगांचा क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आणि निळी-पांढरी हिरवीच्या आधी येते, ती नव्वद टक्के लोक निळीच्या आधी घालतात.

पेठकर :

ते नव्वद टक्के लोक मोजले कुणी?

तारायंत्र :

मी. त्यांची टोकं कापून परत लावायला मलाच बोलावतात.

गोदाकाठ :

दंडवत! वरच्या टोकाची तपकिरी तार अर्ध्यातच अडली होती. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून टोक कापून नवीन लावून घेतलं, त्याने टेस्टरचे आठ दिवे ओळीने लावून दाखवले. आता वर २८० येतात. मधला डबा अजून वायरलेसवरच आहे, पण गंमत म्हणजे पहिल्या मजल्यावरही स्पीड वाढला. शंभर-सव्वाशेचा दीडशेच्या पुढे. तिथे तर काही केलंच नाही.

तारायंत्र :

तुमच्या वरच्या खोलीचा सगळा भार आधी मधल्या डब्यावरून जायचा. तो तारेवर गेला, हवा मोकळी झाली. आता दोन दिवस मधला बंद ठेवून बघा. बेडरूममध्ये खालून-वरून पुरेसं येत असेल तर तो कपाटात ठेवा. डबे जास्त आणि जवळजवळ असले की फोनला कुणाकडे जावं कळत नाही, आणि तो मजला बदलला तरी जुन्यालाच धरून राहतो. केबल टाकल्याने तो हट्ट जात नाही, तो फोनचा स्वभाव आहे.

अडगळीची_खोली :

म्हणजे तीन डबे लागत नव्हतेच. प्रतिसाद क्रमांक शोधा माझा, वर लिहिलंय.

झटपट_झकास :

मधला डबा विकायचा असेल तर सांगा.

बाबूराव_इन्व्हर्टर :

मेव्हण्याला द्या.

स्वरूपा२१ :

मी काढून न टाकता एक प्रश्न विचारते. भाड्याचा फ्लॅट, ११ महिन्यांचा करार, मालक खिळा मारू देत नाही. डिश नाही, एसी नाही. हॉलपासून शेवटच्या बेडरूमपर्यंत बारा मीटर. कसं करू?

गृहिणी_कम_कोडर :

स्कर्टिंगच्या वरच्या कडेने पांढरी केबल, चिकटणाऱ्या क्लिपा. दाराखालून न्यायची असेल तर तेवढ्यापुरती चपटी केबल चालते, फक्त दार तिच्यावर घासत नाही ना ते बघा. जाताना क्लिपा हेअर ड्रायरने गरम करून काढायच्या, रंग सहसा निघत नाही. दोन्ही टोकं लावलेली तयार १५ मीटरची घ्या, म्हणजे तपकिरी तारेचा प्रश्नच नको.

स्वरूपा२१ :

तयार केबलमध्येही ते अ‍ॅल्युमिनियम असतं का?

तारायंत्र :

असतं. खोक्यावर 'प्युअर कॉपर' लिहिलेलं बघून घ्या आणि बिल ठेवा. बारा मीटरला, वीज पाठवायची नसेल तर, अ‍ॅल्युमिनियमनेही आत्तापुरतं चालेल, पण दर भाड्याच्या घरात ती गुंडाळून-उलगडून न्यायची आहे ना, तिथे तांबंच टिकेल.